घर बदलताना मांजर मागे सोडू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलुंडमध्ये सध्या बघाल तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे, दर दोन गल्ल्या सोडून एक बिल्डिंग रिकामी होतेय, पत्रे मारले जातायत आणि माणसं भाड्याच्या घरात शिफ्ट होतायत. बोरिवली, चेंबूर, पार्ले सगळीकडे हेच चित्र आहे. यात माणसांच्या अडचणींवर पेपरात भरपूर येतं, भाडं, बिल्डर, एग्रीमेंट वगैरे, आणि ते यायलाच हवं. पण त्याच घरांत राहणाऱ्या मांजरींचं काय होतं यावर कोणी काही लिहीत नाही म्हणून मीच लिहितेय. मी बरीच वर्षं मांजरी पाळतेय, बिल्डिंगखालच्या मांजरींना खायला घालते, त्यामुळे आसपासच्या लोकांचे फोन आणि मेसेज माझ्याकडे येत असतात. आणि गेल्या काही वर्षांत एकाच टाइपचा मेसेज सारखा येतोय. "मांजर देणे आहे, नवीन घरात आल्यापासून गादीवर शू करते, अंगावर फिस्कारते, आधी अशी नव्हती." काही जण तर देण्याच्या भानगडीतही पडत नाहीत, सामान ट्रकमध्ये चढतं आणि मांजर जुन्या जिन्यावर राहते, म्हणतात "ती काय, राहील कुठेही, मांजरच आहे".

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, म्हणजे तिला घर बदलण्याचं काहीच वाटत नसणार. अहो पण ती आई असते, पिल्लांना धोका वाटला की ती स्वतः जागा हेरून, स्वतः ठरवून, एकेक पिल्लू मानेला धरून नेते. इथे तिला कोणी विचारलेलं नसतं. एका सकाळी अनोळखी माणसं घरात घुसतात, कपाटं ओढतात, चिकटपट्टीचा कर्र कर्र आवाज चालू होतो, मग तिला पिशवीत किंवा टोपलीत कोंबून रिक्षात घालतात आणि जिथे सोडतात तिथे तिच्या ओळखीचा एकही वास नसतो.

वास हा यातला मुख्य मुद्दा आहे. मांजर दाराच्या कडेला, टेबलाच्या पायाला, आपल्या पायाला गाल घासते ना, ते फक्त लाड नसतात. तिच्या गालात, हनुवटीखाली आणि पंजांच्या तळव्यात गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात आणि त्या वासाने ती घरभर खुणा करून ठेवते की ही जागा माझी, इथे भीती नाही. आपल्याला दिसत नाही पण तिच्यासाठी अख्खं घर त्या खुणांनी भरलेलं असतं. नवीन भाड्याच्या घरात ताजा रंग, फिनाईलने पुसलेली लादी, आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्याचा वास, शेजारच्या प्लॉटवर पायलिंग चालू... तिची एकही खूण नाही. त्यात माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि मांजरीला ६० च्याही वरचा, म्हणजे ड्रिल मशीनचे जे किंचाळे आपल्याला कळतही नाहीत ते तिला ऐकू येत असतात. मग ती घाबरणार नाही तर काय होणार?

पलंगाखाली किंवा फ्रिजमागे जाऊन बसली की लोकांना कळतं की मांजर घाबरलीये. पण बाकीच्या खुणा कळत नाहीत. पोटाचे केस चाटून चाटून टक्कल पडतं, लोक त्वचेचं औषध आणतात. खाणं अर्ध्यावर येतं. पाय पोटाखाली घट्ट ओढून, डोळे अर्धवट मिटून तासन् तास एकाच जागी बसते आणि आपल्याला वाटतं झोपलीये, शांत झाली, पण तिचे कान बघा, सारखे फिरत असतात. घुरघुरली म्हणजे खूश आहे असंही प्रत्येक वेळी नसतं, दुखत असलं किंवा भीती वाटली तरी मांजरी घुरघुरतात. आणि शेवटी गादीवर, सोफ्यावर, धुतलेल्या कपड्यांवर शू, ज्यावरून तिला घराबाहेर काढलं जातं. "मुद्दाम करते, सूड घेते" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. मांजर सूड घेत नाही हो. जिथे तुमचा वास सगळ्यात जास्त असतो, म्हणजे तुमची गादी आणि तुमचे कपडे, तिथे ती आपला वास मिसळायला बघते कारण त्या परक्या घरात तेवढीच एक ओळखीची जागा तिला सापडलेली असते. किंवा मग तिला खरंच दुखत असतं.

हे दुखण्याचं नीट सांगते कारण यात जीव जाऊ शकतो. ताणामुळे मांजरीच्या लघवीच्या पिशवीला सूज येते, ना इन्फेक्शन ना खडा, तरी वारंवार शू लागते, जळजळ होते, कधी रक्त पडतं. तरुण मांजरींमध्ये लघवीचा त्रास घेऊन येणाऱ्या निम्म्याहून जास्त केसेसमध्ये दुसरं काही कारणच सापडत नाही असं डॉक्टर सांगतात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले टोनी बफिंग्टन हे व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, यावर कित्येक वर्षं काम करत होते, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की अशा मांजरींचं घरातलं वातावरण बदललं, लपायला जागा, उंच बसायला जागा, शू-शीचा ट्रे, खेळ, पाणी या गोष्टी नीट केल्या तर त्रास खूप कमी होतो. म्हणजे घर हेच औषध. पण आधी व्हेटला दाखवा. आणि बोका असेल तर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा, तो सारखा ट्रेमध्ये जातोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती बंद झाली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. बरेच लोक याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसतात. तसंच मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर "भूक लागली की खाईल" म्हणून थांबू नका, उपाशी राहिलेल्या मांजरीच्या, त्यातही जाड मांजरीच्या, लिव्हरमध्ये चरबी साठते आणि ते जीवावर बेततं.

आता घरात काय करायचं. सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे तिला पहिल्यांदा सगळं घर देऊ नका, एकच खोली द्या. वन बीएचके असेल तर बेडरूम, तेही जमत नसेल तर बेडरूमचा एक कोपरा कपाट आडवं करून. तिथे जुन्या घरातली, न धुतलेली चादर किंवा तुमचा वापरलेला गाऊन, टीशर्ट ठेवा, हे न धुतलेलं महत्त्वाचं आहे कारण शिफ्टिंगच्या नादात आपण सगळं धुऊन स्वच्छ करून नेतो आणि तिचा होता नव्हता तो वासही जातो. एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, शिफ्टिंगच्या घरात खोक्यांना काय तोटा. खोका म्हणजे काही खेळणं नाही, हॉलंडमधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी २०१४ साली शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या मांजरींवर बघितलं, ज्यांना लपायला खोका दिला त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बाकीच्यांपेक्षा शांत दिसायला लागल्या. लपू दिलं की ती कायमची लपून बसेल ही भीती उलटी आहे. लपायची जागा आहे हे माहीत असलं की बाहेर यायची हिंमत होते. तिला ओढून बाहेर काढू नका, मुलांना तर आधीच बजावून ठेवा. तुम्ही त्या खोलीत जाऊन नुसते बसा, मोबाईल बघा, भाजी निवडा, तिच्याकडे टक लावून बघू नका. नजर मिळाली तर डोळे हळूच अर्धवट मिटा, पुन्हा उघडा. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये यावर अभ्यास केला होता, माणसाने असं सावकाश डोळे मिटले तर मांजरीही तसंच करतात आणि अनोळखी माणसाच्या जवळ यायला जास्त तयार होतात. मी हे कितीतरी घाबरट मांजरींबरोबर करते, खरंच फरक पडतो.

खोलीत ती आरामात खायला लागली, खेळायला लागली, गाल घासायला लागली की मग दार उघडं ठेवा आणि तिचं तिला येऊ द्या. कोणाला चार दिवस लागतात कोणाला महिना, याला घाई चालत नाही. आणि बाहेर जाणारी मांजर असेल तर निदान तीन-चार आठवडे घराबाहेर सोडूच नका. ती जुन्या बिल्डिंगकडे निघते. पत्रे मारलेल्या, अर्धी तोडलेल्या बिल्डिंगच्या ढिगाऱ्यावर आपल्या मजल्याच्या जागी येऊन बसलेली पाळीव मांजर मी बघितलीये, गळ्यात पट्टा होता तिच्या, आणि मालक पलीकडच्या स्टेशनला राहायला गेलेले.

ट्रेबद्दल. ट्रे मोठा हवा, मांजरीच्या लांबीच्या दीडपट तरी, झाकणाचा नको, आणि वॉशिंग मशीनच्या शेजारी अजिबात नको कारण एकदा मशीनने गडगडाट केला की ती परत तिकडे जात नाही. खाण्यापासून लांब ठेवा. एका मांजरीला शक्यतो दोन ट्रे, जास्त मांजरी असतील तर जितक्या मांजरी त्याहून एक जास्त. सुगंधी लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची ती विकतची भुकटी, आपल्या नाकासाठी असतं तिच्या नाही, साधं घ्या, साधी चाळलेली वाळूही चालते. नवीन घरात निदान सुरुवातीला जुनंच लिटर आणि जुनाच ट्रे वापरा, अगदी जुन्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर नव्यात टाकलं तरी तिला लगेच कळतं की हे आपलं आहे. घाणेरडं वाटेल पण करून बघा. आणि चुकून बाहेर शू केली तर मारू नका, नाक घासू नका, त्याने ताण वाढतो आणि शू अजून वाढते. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं त्याने पुसा.

फिनाईलने पुसू नका!! हे मला उद्गारचिन्हं टाकूनच लिहायचंय. फिनाईल, काळं असो की पांढरं, मांजरीसाठी विष आहे. माणसाचं लिव्हर ज्या पद्धतीने असली द्रव्यं शरीराबाहेर टाकतं ती पद्धत मांजरीच्या लिव्हरला नीट जमत नाही, आणि ती लादीवर चालते मग पंजे चाटते. डांबर गोळ्याही तशाच. बरेच जण मांजरीने गादीवर बसू नये म्हणून चादरीखाली डांबर गोळ्या ठेवतात, कृपा करून असं करू नका. नवीन घरात पूजा, धूप, कापूर, दूध उतू घालवणं जे काही करायचं ते करा पण तिच्या खोलीचं दार बंद ठेवून.

उंचीचं विसरू नका. घाबरलेल्या मांजरीला वरून बघता आलं की बरं वाटतं, कपाटाचा माथा रिकामा करून तिथे गोधडी टाका, चढायला मध्ये एखादं स्टूल. नखं घासायला महागडा खांब लागत नाही, जाड लाकडाला किंवा पीव्हीसी पाइपला सुतळी घट्ट गुंडाळा किंवा गोणपाट खिळ्यांनी ठोका, मात्र तो हलता कामा नये आणि तिला पूर्ण ताठ उभं राहून ताणता येईल इतका उंच हवा. नखं घासतानाही पंजातून वास सोडला जातो म्हणजे तिच्या खुणा परत तयार होतात. सोफा फाडते म्हणून ओरडण्यापेक्षा सोफ्याच्या शेजारीच हा खांब उभा करा.

पण उंचीचा दुसरा भाग गंभीर आहे. चाळीत किंवा तीन मजली सोसायटीत वाढलेली मांजर अचानक चौदाव्या मजल्यावर जाते, कबुतराच्या मागे झेपावते आणि खाली. "मांजर पायावर पडते, तिला काही होत नाही" यावर विसंबू नका. न्यूयॉर्कच्या दोन व्हेट्सनी १९८७ मध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरींची नोंद प्रसिद्ध केली होती, उपचार मिळालेल्या बहुतेक वाचल्या हे खरं, पण छातीला मार, जबडा फुटणं, पाय मोडणं हे त्यांच्यात भरपूर होतं. सामान लावायच्या आधी खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी लावून घ्या. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी काही मांजरी चावून तोडतात त्यामुळे ती अधूनमधून ओढून बघत जा.

शिफ्टिंगच्या दिवशीचं थोडक्यात सांगते. कॅरिअर, म्हणजे तिला न्यायचा पिंजरा, आधीच बरेच दिवस घरात उघडा ठेवा, आत मऊ कपडा आणि कधी कधी खाऊ, म्हणजे तो दिसला की ती पळणार नाही. पॅकर्सची माणसं यायच्या आधी तिला एका रिकाम्या केलेल्या खोलीत किंवा बाथरूममध्ये ट्रे, पाणी देऊन बंद करा, दारावर मोठ्या अक्षरात लिहा "आत मांजर आहे, उघडू नका". ती सगळ्यात शेवटी निघेल आणि तिची खोली लावून झालेली असेल अशा बेताने करा. प्रवासात फारच त्रास होणारी असेल तर व्हेट आधी द्यायची गोळी देतात, ती त्यांनाच विचारून. आपल्या घरातली झोपेची किंवा टेन्शनची गोळी अर्धी करून देऊ नका, आणि तापाची पॅरासिटामॉल तर कधीच नाही, त्या एका गोळीने मांजर मरते. गालातल्या त्या वासाची नक्कल करणारे प्लग-इन डिफ्यूजर पण मिळतात, काही मांजरींना उपयोग होतो काहींना नाही, स्वस्त नाहीत, आणि नुसता प्लग लावून बाकी काही केलं नाही तर पैसे वाया.

नंतर रोजचं रूटीन. खायच्या वेळा त्याच ठेवा जुन्या घरातल्या. दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून जरा लांब, आणि ओलं खाणं वाढवा, लघवीच्या त्रासाला पाणी पोटात जाणं चांगलं. संध्याकाळी थोडा वेळ दोरीला कागद बांधून खेळवा आणि खेळ संपताना खायला द्या, शिकार झाली, पोट भरलं, आता झोप, हा तिचा स्वभावातला क्रम आहे. खेळ झाला की दोरी उचलून ठेवा, गिळली तर आतडं कापलं जातं. नसबंदी झाली नसेल तर करून घ्या, भिंतींवर फवारे मारणारे बहुतेक बोके त्यानंतर थांबतात. आणि नवीन घरात "एकटी पडलीये, सोबत हवी" म्हणून लगेच दुसरं पिल्लू आणू नका. तिच्यासाठी ती सोबत नाही, अजून एक घुसखोर आहे.

गणपती आणि दिवाळीचं वेगळं सांगायला हवं, कारण नवीन घर बहुतेक रस्त्यावरचं मिळतं आणि खालून ढोल-ताशे, डीजे जातात. त्या दिवसांत आधीच खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा किंवा टीव्हीचा ओळखीचा आवाज चालू, आणि खोका भिंतीला लावून. तिला मांडीवर घट्ट धरून ठेवू नका, तिला जिथे बसायचं तिथे बसू दे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालापासून आहे, फटाक्यांनाही आवाजाची मर्यादा आहे, तो पाळला तरी लहान बाळं, म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि ही मुकी जनावरं सगळ्यांनाच झोप मिळेल. लेकरांनो, फुलबाज्या आणि भुईचक्र उडवा की, सुतळी बॉम्ब कशाला हवा.

आता सोसायट्यांच्या कमिट्यांना आणि घरमालकांना. भाड्याचं घर शोधताना "पेट्स नाही" ऐकून लोक मांजर टाकायला तयार होतात. ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाने २०१५ साली स्पष्ट लिहून दिलंय की सोसायटीला पाळीव प्राणी ठेवायला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. आणि पाळीव जनावराला उपाशी मरेल अशा अवस्थेत टाकून जाणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. हे लोकांना माहीतच नाही. मला कोणाला पोलिसात द्यायचं नाहीये, घर बदलताना माणसाचीच किती ओढाताण होते ते मी जवळून बघितलंय, म्हातारे आईवडील, मुलांच्या शाळा, डिपॉझिट. त्यात मांजरीने गादी ओली केली की माणूस रडकुंडीला येतो. पण एक खोली, एक खोका, जुनी चादर आणि थोडे आठवडे, एवढ्यावर बहुतेक मांजरी सावरतात. ज्या घरांनी हे केलं त्यांच्या मांजरी आज त्याच गादीवर पोट वर करून झोपतायत.

बिल्डिंगखालच्या मांजरींचंही बघा. पाडकाम सुरू व्हायच्या आधी मीटर बॉक्समागे, डक्टमध्ये, पाण्याच्या पंपाच्या खोलीत पिल्लं असतात. बिल्डरच्या सुपरवायझरने एकदा फिरून बघितलं आणि जी कोणी व्यक्ती रोज खायला घालते तिला चार दिवस आधी सांगितलं तर खायची जागा हळूहळू सरकवत त्यांना पलीकडच्या गल्लीत नेता येतं. आमच्याकडे एका साइटवर असं झालंय, तिथल्या सुपरवायझरने स्वतः फोन केला होता, दोन पिल्लं आणि त्यांची आई तिन्ही वाचली.

संपादक साहेब, आपल्या पेपरात प्रॉपर्टीबद्दल येतं तिथे शिफ्टिंगच्या सीझनला एक छोटी चौकट मांजर-कुत्र्यांसाठी द्याल का? आणि ज्या सोसायट्या घरं रिकामी करायची नोटीस काढतात त्यांनी त्या नोटिशीत एकच ओळ टाकावी, "घरातील पाळीव प्राणी सोबत न्यावेत, अडचण असल्यास कमिटीला कळवावे", आणि खाली कमिटीतल्या एका माणसाचा नंबर.

आपली,
एक नियमित वाचक, मुलुंड (पूर्व)